मर्ली एव्हर्स यांनी जपलेले कागद

चळवळीतल्या घराण्यांचा वारसा म्हणजे फोटो, सत्कार आणि आडनावाचा मान, असा समज असतो. मला तो अपुरा वाटतो. मेडगर एव्हर्स हे अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातले 'एनएएसीपी' या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे कार्यकर्ते. 12 जून 1963 रोजी जॅक्सन शहरात घराच्या दारातच त्यांची गोळी घालून हत्या झाली. आत बायको आणि तीन मुलं जागी होती. 1964 मध्ये खटला दोनदा चालला, दोन्ही वेळा सगळे ज्युरी गोरे होते, एकमत झालं नाही आणि आरोपी बायरन डी ला बेकविथ मोकळा राहिला. पुढे प्रकरण पुन्हा उघडलं तेव्हा जुन्या खटल्याच्या कामकाजाची सरकारी प्रत सापडेना. मेडगर यांच्या पत्नी मर्ली यांनी मात्र आपली प्रत इतकी वर्षं सांभाळली होती. 1994 मध्ये बेकविथ दोषी ठरला.

कुटुंबाची आठवण एकांगी असते, हा आक्षेप रास्त आहे. पण इथे कुटुंबाने आठवण नव्हे, कागद पुढे केला आणि तो कोर्टात तपासला गेला. लढा हजारो सामान्य माणसांचा होता, मग मोजक्या घराण्यांचंच कौतुक का, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. एव्हर्स कुटुंबाने राहतं घर टुगालू कॉलेजला दिलं, आज ते राष्ट्रीय स्मारक आहे. वारसा असा सर्वांचा होतो. तुमच्या घरात कुठल्याही चळवळीची पत्रं, पत्रकं, कोर्टाचे कागद असतील तर रद्दीत घालू नका.