कोठडीतून निघालेले पत्र

आमच्या शहाडहून कल्याणचा आधारवाडी तुरुंग फारसा लांब नाही. पण शेजाऱ्यांच्या गप्पांत त्याचे नाव आले, तर रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरतेच! तुरुंग म्हटला की आपण पांढरपेशी माणसे आधी दाराला कडी घालतो. त्यातून बाईमाणूस आत गेले, म्हणजे तिने काहीतरी केलेच असणार, हा निकाल चहा गाळता गाळता देऊन मोकळे होतो.

अशा बायकांची वास्तपुस्त आपल्याकडे कुणी केलीच नाही असे नव्हे. रमाबाई रानडे पुण्याच्या तुरुंगातील स्त्रियांना नेमाने भेटत, त्यांना चार चांगल्या गोष्टी सांगत. शीला बारसे यांची तऱ्हा निराळी. त्या सांगायला गेल्या नाहीत, ऐकायला गेल्या.

बारसेबाई मुंबईच्या पत्रकार. मे १९८२ मध्ये रीतसर परवानगी काढून त्या मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात शिरल्या आणि १५ स्त्री-कैद्यांशी बोलल्या. त्यांपैकी पाचजणींनी सांगितले की, पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाली. वाचकहो, कोठडी वेगळी आणि तुरुंग वेगळा, हे इथे ध्यानात घ्यावे. तुरुंगाला निदान भिंतीवरची नियमावली असते. अटकेनंतर चौकशीसाठी जिथे ठेवतात, त्या कोठडीतल्या रात्रीचा साक्षीदार कोण?

दुसऱ्या कुणी एक खळबळजनक लेख लिहून हात झटकले असते. बाईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. वकील नाही, मुद्रांक नाही, साधे पत्र! न्यायालयाने तेच अर्ज म्हणून दाखल करून घेतले आणि निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात पाठवून अहवाल मागवला. या बायकांना कायद्याची मदत मिळण्याची काही धड सोयच नाही, हे त्यातून उघड झाले. दोघी परदेशी स्त्रियांना तर एका वकिलानेच लुबाडल्याची तक्रार होती.

१५ फेब्रुवारी १९८३ रोजी न्यायमूर्ती भगवती, पाठक आणि सेन यांनी निकाल दिला. चांगल्या वस्तीतल्या चार-पाच कोठड्या केवळ स्त्रियांसाठी राखाव्यात, पहारा स्त्री-पोलिसांचा असावा, बाईची चौकशी स्त्री-पोलिसांच्या समक्षच व्हावी. अटक का केली ते तिला लगेच सांगावे. सत्र न्यायाधीशांनी, शक्यतो स्त्री-न्यायाधीशांनी, न कळवता कोठड्यांना भेट द्यावी. मॅजिस्ट्रेटपुढे आणलेल्या प्रत्येकाला, तुला मारहाण झाली का, असे विचारावे. आणि अटक होताच तिने सांगितलेल्या नातेवाइकाला किंवा स्नेह्याला खबर द्यावी.

मला विचाराल तर हे शेवटचे कलम सर्वांत मोलाचे. घरची बाई संध्याकाळी परतली नाही, तर दवाखाना, स्टेशन, माहेर असे धुंडाळत फिरणाऱ्या नवऱ्याला किंवा आईला ती कुठे आहे एवढे कळणे, ही काय लहान गोष्ट आहे? आणि बाहेर आपली चौकशी होते आहे, एवढे कोठडीतल्या हवालदाराला ठाऊक असले की त्याचाही हात आखडतो.

पुढे मुलाखती ध्वनिमुद्रित करण्यावरून वाद होऊन बाईंची परवानगी काढून घेण्यात आली. तेही प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मुलाखतीचा हक्क नियमांच्या चौकटीतच आहे, पण बाईंनी नव्याने अर्ज करावा, असे न्यायालयाने १९८७ मध्ये सांगितले.

दरम्यान देशभरच्या तुरुंगांत अडकलेल्या मुलांसाठीही त्यांनी खटला लावला होता. तो लांबत चालला, तशा बाई चिडल्या. १९८८ मध्ये त्यांनी न्यायालयालाच खडे बोल सुनावले आणि आपला अर्ज मागे घेऊ द्या म्हटले. न्यायालयाने ते नाकारले: हा खटला अर्जदाराचा नाही, मुलांचा आहे. मग बारसेबाईंचे नाव अर्जावरून वगळले, काम विधिसाहाय्य समितीकडे सोपवले आणि खटला पुढे चालू ठेवला.