नाबाद १००९ नंतर

कल्याणच्या युनियन क्रिकेट अकादमीच्या मैदानावर ४ जानेवारी २०१६ च्या संध्याकाळी खेळ थांबला, तेव्हा के. सी. गांधी शाळेचा प्रणव धनावडे ६५२ धावांवर नाबाद होता. कॉलिन्स या इंग्लिश शाळकरी मुलाचा १८९९ पासूनचा नाबाद ६२८ चा विक्रम मागे पडला होता. दुसऱ्या दिवशी कॅमेरे आले आणि रिक्षाचालकाचा हा पंधरा वर्षांचा मुलगा नाबाद १००९ वर पोहोचला. १२९ चौकार, ५९ षटकार. मुंबई क्रिकेट असोसिएशनने पाच वर्षांसाठी दरमहा दहा हजारांची शिष्यवृत्ती जाहीर केली.

त्या धावफलकाची दुसरी बाजू आपण नीट वाचलीच नाही. प्रतिस्पर्धी आर्य गुरुकुल शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले. एक डाव आणि १३८२ धावांनी हार. त्यांची मोठी मुलं परीक्षेमुळे आली नव्हती. समोरच्यांनी तीन बाद १४६५ वर डाव सोडला, तोवर ही लहानगी मुलं चेंडूमागे पळत होती. मला ती मुलं फार आठवतात. त्या रात्री घरी जेवताना त्यांच्याशी कोण काय बोललं असेल? ‘हरलास तर हरलास, कॅच कसा घ्यायचा ते उद्या बघू’ एवढं तरी कुणी म्हणालं असावं, अशी माझी आजही मनापासून इच्छा आहे.

आणि जिंकलेला मुलगा? त्याच्या पाठीवरही ओझंच चढलं. हजार धावांच्या मुलाने चाळीस केल्या तर त्या चाळीसच्या चाळीस उण्या वाटतात. काही महिन्यांतच सोळा वर्षांखालील पश्चिम विभागाच्या संघनिवडीवरून समाजमाध्यमांनी त्याला सचिनचा मुलगा अर्जुन तेंडुलकर याच्यासमोर उभं केलं. दोघंही शाळकरी वयाचे. भांडत होते मोठे. अन्याय झालेला नाही, हे प्रणवच्या वडिलांनाच पुढे येऊन सांगावं लागलं.

इथे मला क्रिकेटपटू अजिंक्य रहाणेचं डोंबिवलीचं जुनं घर आठवतं. तिथे गाजावाजा नव्हता. धाकट्याला कडेवर घेऊन, अजिंक्यची कीटबॅग उचलून आई त्याच्यासोबत मैदानापर्यंत चालत जाई. पुढे मुंबईला जायची वेळ आली, तेव्हा वडील पहिल्या दिवशी बरोबर गेले आणि मग म्हणाले, आता एकटा जा. प्रत्यक्षात ते त्याच लोकलच्या मागच्या डब्यात असत. हे अजिंक्यनेच सांगितलंय. डोंबिवलीच्या गर्दीत पोराला एकटं सोडताना त्या बापाचा जीव किती खालीवर झाला असेल! पण पोराला एवढंच ठाऊक होतं की आपल्याला जमतंय.

प्रणवच्या वडिलांनी २०१७ मध्ये जे केलं, ते मला याच जातीचं वाटतं. मुलाचा फॉर्म हरपला होता, खेळ नकोसा झाला होता. त्यांनी असोसिएशनला पत्र लिहून शिष्यवृत्ती थांबवायला सांगितली. रिक्षा चालवणाऱ्या घराला महिन्याचे दहा हजार ही लहान रक्कम नव्हे. काहींना तो पराभव वाटला. मला त्यात मुलाच्या मानेवरचं जू उतरवणारा हात दिसतो. ‘पैसे घेतोस, मग धावा कुठे आहेत?’ या प्रश्नातून त्यांनी त्याला सोडवलं.

काही काळाने प्रणव पुन्हा बॅट घेऊन मैदानात उतरला. त्या वेळी कॅमेऱ्यांची रांग नव्हती.