सहायक ग्रंथपाल : पद एक, वेतने अनेक

नाशिक-पुणे महामार्गावर संगमनेरलगत घुलेवाडीच्या हद्दीत जे महाविद्यालय उभे आहे, त्याचे पूर्ण नाव उच्चारायला थोडा श्वास राखून ठेवावा लागतो. संगमनेर नगरपालिका कला, दा. ज. मालपाणी वाणिज्य आणि ब. ना. सारडा विज्ञान महाविद्यालय! १९६१ साली स्थापन झालेल्या या महाविद्यालयाच्या नावातच तालुक्याच्या शैक्षणिक इतिहासाचे सार आले आहे. प्रवराकाठच्या गावात उच्च शिक्षण यावे म्हणून नगरपालिका पुढे आली, व्यापारी घराणी पुढे आली आणि त्यांची नावे कायमची कोरली गेली. महाराष्ट्रातील बहुतेक तालुक्यांच्या गावी अशीच कथा आढळते. वर्गखोल्या, प्रयोगशाळा, सभागृह आणि ग्रंथालय यांच्या दर्शनी भिंतींवर दात्यांच्या संगमरवरी पाट्या दिसतात.

ग्रंथालयाच्या दारावरची पाटी इमारतीचा खर्च कोणी दिला हे सांगते. मात्र रोज सकाळी ते दार उघडणाऱ्या माणसाचे वेतन कोणत्या खात्यातून निघते, हे कोणत्याही पाटीवर लिहिलेले नसते. व्यापारी कुटुंबांना या प्रश्नाशी दोन बाजूंनी काम पडते. एका बाजूला घरातील मुली व सुना पदवीनंतर ग्रंथालयशास्त्राकडे वळतात. पदवीनंतर एक वर्षाची ‘बी. लिब.’ आणि पुढे आणखी एका वर्षाची ‘एम. लिब.’ हा क्रम संसार सांभाळून पूर्ण करता येतो. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे तो घरबसल्याही शक्य झाला आहे. दुसऱ्या बाजूला घरातील वडीलधारी मंडळी शिक्षणसंस्थांवर विश्वस्त म्हणून बसतात आणि वेतनाच्या तक्त्यावर सही करतात. ‘सहायक ग्रंथपालाला पगार किती?’ हा प्रश्न दोघांपुढेही असतो. त्याचे उत्तर पदाच्या नावात सापडत नाही. पगार कोणत्या वहीत लिहिला जातो, यावर ते अवलंबून असते.

पहिली वही : विद्यापीठाची

विद्यापीठात ‘सहायक ग्रंथपाल’ हे पद सहायक प्राध्यापकाच्या बरोबरीचे मानले जाते. या समानतेमागे डॉ. शि. रा. रंगनाथन यांचे मोठे श्रेय आहे. गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. अध्यापनापेक्षा त्या पदाचे वेतन चांगले होते, हेही त्यांनी ते स्वीकारण्याचे एक कारण होते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारा पुरुष या क्षेत्रात आला, त्यात योग्य वेतनाचाही वाटा होता, हे विसरता येत नाही. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने १९५७ साली त्यांच्याच अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली. ग्रंथालयातील व्यावसायिक पदांना अध्यापकांच्या तोडीचा दर्जा व वेतन मिळावे, अशी शिफारस त्या समितीने केली.

त्या विचाराची फळे पुढील आकड्यांत दिसतात. १ जानेवारी १९८६ पासून या पदाची श्रेणी २,२०० ते ४,००० रुपये झाली. १९९६ पासून ती ८,००० ते १३,५०० झाली. २००६ पासून १५,६०० ते ३९,१०० या वेतनपट्ट्यावर ६,००० रुपयांचे श्रेणी वेतन आले. सातव्या वेतन आयोगात प्रारंभीचे १५,६०० आणि ६,००० मिळून होणाऱ्या २१,६०० रुपयांना २.६७ ने गुणले गेले आणि शैक्षणिक स्तर १० चे प्रारंभीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये ठरले. महाराष्ट्र शासनाने ८ मार्च २०१९ च्या निर्णयाने ही वेतनश्रेणी १ जानेवारी २०१६ पासून लागू केली. १ जानेवारी २०२४ रोजीचा ५० टक्के महागाई भत्ता धरला, तर मूळ वेतन आणि भत्ता यांची बेरीज ८६,५५० रुपये होते. घरभाडे भत्ता त्याहून वेगळा असतो.

अर्थात या वहीत नाव लागण्याची अटही तशीच कडक आहे. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी मिळवावी लागते. त्याशिवाय ‘नेट’ किंवा ‘सेट’ उत्तीर्ण असणे अपेक्षित असते. पहिली पदोन्नती साधारणतः सहा वर्षांनी आणि पीएच. डी. असल्यास चार वर्षांनी मिळू शकते. तिचे वेतन ६८,९०० रुपयांपासून सुरू होते.

दुसरी वही : अनुदानित महाविद्यालयाची

येथे अनेक कुटुंबांची फसगत होते. अनुदानित महाविद्यालयात ५७,७०० रुपयांची ही श्रेणी ‘ग्रंथपाल’ या पदाला असते आणि एका महाविद्यालयात असे पद साधारणतः एकच असते. त्याच्या हाताखालचे ग्रंथालय सहायक, लिपिक व परिचर हे शिक्षकेतर कर्मचारी गणले जातात. त्यांना राज्य शासनाच्या शिक्षकेतर वेतनश्रेणी लागू होतात. राज्याच्या सातव्या वेतन संरचनेत तळाचा एस-१ स्तर १५,००० रुपयांपासून आणि कनिष्ठ लिपिकाचा एस-६ स्तर १९,९०० रुपयांपासून सुरू होतो, यावरून अंतराची कल्पना येईल. बोलताना मात्र दोघांनाही ‘लायब्ररीत सहायक’ असेच म्हटले जाते. विद्यापीठातील सहायक आणि महाविद्यालयातील सहायक यांच्या प्रारंभीच्या मूळ वेतनात दुपटीहून अधिक फरक पडू शकतो.

तरीही अनुदानित पदाचे एक मोल आहे. वेतन शासनाकडून ऑनलाइन प्रणालीमार्फत थेट बँक खात्यात जमा होते, सेवापुस्तक राहते आणि दरवर्षी वेतनवाढ मिळते. ज्यांची नियुक्ती १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर झाली, त्यांना मात्र जुनी निवृत्तिवेतन योजना सरसकट लागू नाही. म्हणून वेतनाबरोबर निवृत्तीची तरतूदही विचारून घ्यावी.

तिसरी वही : माध्यमिक शाळेची

महाराष्ट्रातील खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम आणि १९८१ ची नियमावली आहे. त्या नियमांच्या चौकटीत विद्यार्थिसंख्या हजाराहून अधिक असेल तर पूर्णवेळ ग्रंथपाल, आणि पाचशेहून अधिक पण हजारापर्यंत असेल तर अर्धवेळ ग्रंथपाल, अशी रचना आहे. अर्धवेळ म्हणजे अर्धे वेतन.

हजाराचा हा उंबरठा अनेक संसारांचे गणित ठरवतो. ग्रंथपालाचे ज्ञान, त्याची पदवी आणि कपाटातील पुस्तके तीच असतात. मात्र पटावर नऊशे पन्नास मुले असतील तर वेतन अर्धे आणि एक हजार पन्नास असतील तर पूर्ण. शेजारी नवी शाळा निघाली की जुन्या शाळेचा पट घटतो आणि पूर्णवेळ पदाची आशा लांबते. अर्ध्या वेतनावरचा माणूस शाळा सुटेपर्यंत परीक्षेचे, हजेरीचे व कार्यालयाचे काम करताना दिसला, तर विश्वस्तांनी एकदा घड्याळाकडे आणि एकदा वेतनपत्रकाकडे पाहावे.

चौथी वही : विनाअनुदानित संस्थेची

विनाअनुदानित शाळा-महाविद्यालयांत वेतन शुल्काच्या जमेतून जाते. येथे श्रेणीपेक्षा संस्थेची ऐपत आणि इच्छा यांचा प्रभाव अधिक असतो. ‘अनुदान नाही म्हणून नियमही नाहीत’ अशी एक समजूत रूढ आहे. ती चुकीची आहे. १९७७ चा अधिनियम मान्यताप्राप्त खासगी शाळांना, अनुदान असो वा नसो, लागू होतो. सेवेतून काढले गेल्यास त्याखालील शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांच्या आत अपील करता येते.

यापलीकडे शिक्षणसंस्थेबाहेर गावोगावची सार्वजनिक वाचनालये आहेत. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार परिरक्षण अनुदान मिळते. २०२२ च्या अखेरीस त्यात ६० टक्के वाढ झाली, तेव्हा ‘ड’ वर्गाचे वार्षिक अनुदान ३०,००० वरून ४८,००० रुपये झाले. त्यातील निम्मे वेतनावर खर्च करावयाचे, म्हणजे महिन्याला २,००० रुपये! शाळेतील अर्धवेळ ग्रंथपाल सायंकाळी गावचे वाचनालय का सांभाळतो, आणि तरीही त्याचे भागत का नाही, हे या आकड्यावरून उमगते.

देणगीचा हिशेब

कोणताही व्यापारी भांडवली खर्च आणि चालू खर्च यांत गल्लत करत नाही. दुकान बांधणे वेगळे आणि दुकान चालवणे वेगळे, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असते. शिक्षणसंस्थेला देणगी देताना मात्र हा भेद पुष्कळदा विसरला जातो. इमारतीला दाता मिळतो, कपाटांना मिळतो, संगणकांनाही मिळतो. पगाराला दाता मिळत नाही, कारण पगारावर पाटी लावता येत नाही.

याचे परिणाम हळूहळू दिसू लागतात. तुटपुंज्या वेतनावर आलेली सहायक वर्षभराने दुसरी नोकरी मिळताच जाते. नवी येते आणि पुन्हा पहिल्यापासून शिकते. दाखल नोंदवहीत मधली पाने कोरी राहतात, वर्गीकरण अर्धवट राहते, वार्षिक पडताळणीत पुस्तके कमी भरतात. मग पुस्तके हरवू नयेत म्हणून कपाटांना कुलूप लागते. देणगीदाराच्या नावाच्या खोलीत ग्रंथ सुरक्षित राहतात, पण कोणी वाचत नाही. ‘नॅक’ची समिती येणार म्हटल्यावर धावपळ होते आणि जे काम पाच वर्षांत व्हायचे ते पंधरा दिवसांत उरकावे लागते.

यावर उपाय आहे आणि तो हिशेबात बसणारा आहे. समजा, एखाद्या विनाअनुदानित महाविद्यालयाने एका सहायक ग्रंथपालाला दरमहा १५,००० रुपये द्यायचे ठरवले. वर्षाचे वेतन १,८०,००० झाले. भविष्य निर्वाह निधीतील संस्थेचा वाटा, विमा व प्रशासकीय आकार मिळून १३ टक्के, म्हणजे २३,४०० रुपये. ग्रॅच्युइटीसाठी दरवर्षी पंधरा दिवसांचे वेतन सव्वीस दिवसांच्या भागाकाराने बाजूला ठेवले तर सुमारे ८,६५४ रुपये. एकूण २,१२,०५४ रुपये. कायम ठेवीवर सात टक्के व्याज धरले, तर हे पद चालवण्यासाठी सुमारे ३० लाख ३० हजार रुपयांची ठेव पुरते. यात वेतनवाढ धरलेली नाही. ती देण्यासाठी संस्थेने दरवर्षी शुल्कातून काही भर घालावी. एका सभागृहाच्या बांधकामाशी ही रक्कम ताडून पाहिली, तर ती अशक्य वाटत नाही. चार-पाच कुटुंबांनी मिळून दिली, तर एकाच्याही व्यवसायावर ताण पडत नाही. आणि सभागृह वर्षातून काही दिवस गजबजते, तर ग्रंथपाल रोज विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडतो.

ग्रॅच्युइटीची आठवण मुद्दाम ठेवावी लागते. वीस वर्षे सेवा करून १२,००० रुपयांच्या अखेरच्या वेतनावर निवृत्त होणाऱ्या सहायकाची रक्कम १,३८,४६१ रुपये होते. संस्थेने तरतूद केलेली नसेल, तर ही रक्कम त्या वर्षी ओझे वाटते. वास्तविक ते वीस वर्षांचे साचलेले देणे असते.

नियुक्तीपत्र वाचताना

ज्या घरातील मुलगी या व्यवसायात पाऊल टाकणार आहे, त्या घराने नियुक्तीपत्र व्यापारी कराराइतक्याच काळजीने वाचावे. पद मंजूर आहे की संस्थेने निर्माण केलेले, अनुदानित आहे की विनाअनुदानित, शिक्षक गटातील की शिक्षकेतर, पूर्णवेळ की अर्धवेळ, वेतनश्रेणी लिहिली आहे की केवळ ठोक रक्कम, भविष्य निर्वाह निधी आहे की नाही, हे सहा मुद्दे कागदावर दिसले पाहिजेत. ‘पुढे पाहू’ या तोंडी आश्वासनाला बँकेत तारण म्हणून किंमत नसते, तशी सेवेतही नसते. शक्य असेल त्या मुलीने ‘एम. लिब.’वर न थांबता ‘नेट’ किंवा ‘सेट’ची तयारी करावी. एकाच पदनामाच्या दोन वेतनांमधील दरी ओलांडण्याचा तोच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

विश्वस्तांसाठीही एक जुना दाखला आहे. गुजरात-राजस्थानातील ज्ञानभांडारांसाठी श्रेष्ठींनी शतकानुशतके ग्रंथ लिहवून घेतले. ते लिहिणाऱ्या लहियांना मोबदला दिला जाई. त्या हस्तलिखितांच्या अखेरच्या पुष्पिकेत अनेकदा द्रव्य देणाऱ्या श्रावकाचे नाव असते आणि त्याच्याबरोबर ग्रंथ लिहिणाऱ्या लेखनिकाचेही. द्रव्य आणि श्रम या दोहोंची नोंद एकाच पानावर ठेवणारी ती रीत होती.

आजच्या ग्रंथालयाच्या दारावर दात्याचे नाव शोभून दिसतेच. आतल्या टेबलाशी बसणाऱ्या व्यक्तीचे नाव वेतनपत्रकात योग्य आकड्यासमोर, वेळेवर लिहिले गेले, म्हणजे त्या दानाचा हिशेब पूर्ण होईल.