लांब सायकल प्रवासाला निघताय? आधी व्हॉल्व्ह बघा, मग पंप घ्या

नाशिक : नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. त्या शर्यतीत सायकलस्वारामागे मदतीची गाडी असते. आपल्याकडे सायकलवर पंढरपूरला किंवा सप्तशृंगी गडावर निघालेल्यांच्या मागे बहुतेक वेळा कुणी नसतं. पहाटे घाटात बाभळीचा काटा घुसला, तर पंक्चरचं दुकान उघडं मिळेलच असं नाही. अशा वेळी पिशवीतला छोटा पंपच कामी येतो.

व्हॉल्व्ह कोणता?
साध्या काळ्या सायकलला देशी व्हॉल्व्ह असतो. बऱ्याच गिअरच्या सायकलींना मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह येतो, त्याला श्रेडर म्हणतात. रेसिंग सायकलला बारीक, लांब प्रेस्टा असतो. पंपाचं तोंड व्हॉल्व्हला बसलं नाही, तर महागडा पंपही बिनकामाचा. त्यामुळे दुकानात सायकल घेऊनच जावं.

हवा किती लागते?
टायरच्या बाजूला पीएसआयचा आकडा छापलेला असतो. जाड टायरला साधारण ३५ ते ५० पीएसआय पुरते, रेसिंगच्या बारीक टायरला ८० ते १०० लागते. जाड टायरला हवा जास्त पण दाब कमी, म्हणून जाड नळीचा पंप बरा. बारीक टायरला दाब जास्त, तिथं बारीक नळीचा पंप घ्यावा. जाड नळीच्या पंपाने ८० च्या पुढं दाबताना हात भरून येतात.

दुकानात काय तपासावं?
पंपाचं तोंड अंगठ्यानं घट्ट दाबून दांडा ढकला. दांडा मागे उसळला आणि कुठून फुसफुस आवाज आला नाही, तर आतला वॉशर चांगला आहे. रबरी नळीचा पंप असेल तर उत्तम. थेट बसणाऱ्या पंपाने हवा भरताना हात हलला की व्हॉल्व्ह वाकतो, कधी ट्यूबच मुळाशी फाटते. वॉशर सुटा मिळतो का, तेही विचारून घ्या.

गॅसची नळकांडी, बॅटरीचा पंप
गॅसच्या नळकांडीने टायर काही सेकंदांत फुगतो, पण एक नळकांडी एकदाच चालते. शिवाय तो गॅस ट्यूबमधून लवकर झिरपतो, घरी आल्यावर पुन्हा साधी हवा भरावी लागते. बॅटरीचा पंप सोयीचा, पण चार्जिंग संपलं की खेळ संपला. म्हणून यातलं काहीही घेतलं, तरी हाताचा पंप सोबत असू द्यावा.

पंपासोबत एक जादा ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर आणि पॅच ठेवा. देशी व्हॉल्व्ह असेल तर त्याची छोटी रबरी नळीही घ्या. नवी ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून बोट हळूच फिरवून काटा शोधून काढा. तो आत राहिला तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते.

आणि निघायच्या आदल्या दिवशी घरच्या ओट्यावर एकदा चाक काढून, हवा भरून बघा. घाटात पहिल्यांदा शिकायची वेळ येऊ नये.