नवी तबकडी हाती आली की…

मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' सुरू झाली. सुरेश चांदवणकर तिचे मानद सचिव राहिले आहेत.

अशा संग्राहकांतली जाणकार मंडळी नवी खरेदी वाजवण्याआधी उजेडात तिरपी धरतात. लेबलालगतच्या गुळगुळीत पट्ट्यात मॅट्रिक्स क्रमांक कोरलेला असतो. ध्वनिमुद्रणाची ओळख त्यावरून पटते. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या १० इंची तबकडीची एक बाजू जेमतेम ३ मिनिटांची. तेवढ्यात अख्खा राग! लाखेची असल्याने हातून सुटली की तुकडेच.

काही जुन्या तबकड्यांवर ओळख ऐकूही येते. गायिका गौहरजान (पहिलं मुद्रण : कोलकाता, १९०२) गाणं संपताच इंग्रजीत स्वतःचं नाव सांगे. तबकड्या तेव्हा जर्मनीत छापल्या जात. तिथल्या कारागिरांना गायिका ओळखता यावी, म्हणून.