पर्समधला सुगंध

मोबाइल, लिपस्टिक, लोकलचा पास, सेफ्टी पिन... आणि परफ्यूमची एक छोटीशी बाटली. ऑफिसला जाणाऱ्या कुठल्याही मुलीची पर्स उघडा, ही यादी फारशी बदलत नाही. त्या बाटलीकडे आपण कधी नीट बघतही नाही. पण तिचा इतिहास खोदायला घेतला आणि माझ्या लक्षात आलं, ही गोष्ट सुगंधाची कमी आणि बाईच्या घराबाहेर पडण्याची जास्त आहे!

सुरुवात पर्सपासूनच करू या. १८व्या शतकाच्या अखेरीस युरोपात घेरदार झगे मागे पडले आणि अंगालगतच्या तलम झग्यांची फॅशन आली. घेराखाली दडवलेले खिसे गेले, हातात बटवा आला. त्यात असायची 'व्हिनेग्रेट' नावाची चांदीची इवलीशी डबी. आत सुगंधी व्हिनेगरमध्ये भिजवलेला स्पंज आणि त्यावर नक्षीदार जाळी. व्हिनेगरने चांदी खराब होऊ नये म्हणून आतून सोन्याचा मुलामा! रस्त्यात घाण वास आला की डबी थेट नाकाशी.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात दोन तोंडांची बाटली आली. लाल किंवा निळी काच, दोन्ही टोकांना चांदीची टोपणं. एका बाजूला सेंट, दुसऱ्या बाजूला घेरी आली तर हुंगायचं स्मेलिंग सॉल्ट. दिसायला झकास, पण ही चैन श्रीमंतांचीच.

मग ही बाटली तुमच्या-माझ्यासारख्या नोकरदार मुलींपर्यंत आली कशी? याचं मोठं श्रेय मी एका निळ्या बाटलीला देईन. १९२८ साली फ्रान्सच्या बूर्ज्वा कंपनीने 'स्वार द पारी', म्हणजेच 'इव्हनिंग इन पॅरिस' बाजारात आणलं. ते बनवलं एर्नेस्ट बो यांनी. १९२१ साली 'शनेल नंबर ५' बनवणारे तेच हे बो. थोडक्यात काय, नाक तेच, पण किंमत परवडणारी! अमेरिकेत तर ते साध्या औषधांच्या दुकानातही मिळायचं. पर्समध्ये मावतील अशा बाटल्या होत्याच. शिवाय १९३०च्या दशकात त्या ठेवायला बेकलाइटच्या गमतीदार केसेस आल्या. कधी घुबड, कधी शिंपला, कधी चक्क हॉटेलच्या खोलीचं दार! मंदीच्या त्या दिवसांत मोठी बाटली घेणं जमत नव्हतं, पण छोटी घेता येत होती. तीही कुणी भेट देण्याची वाट न बघता.

शम्मी कपूर-शर्मिला टागोरचा 'अ‍ॅन इव्हनिंग इन पॅरिस' आला १९६७ साली. त्याआधीच ही निळी बाटली आपल्याकडे पोचली होती. माझ्या एका मैत्रिणीच्या आजीने तिची बाटली अजून जपून ठेवली आहे. सेंट केव्हाच उडून गेलंय. आजी त्या काळी फोर्टमध्ये टायपिस्ट होत्या. पगार घरी द्यायचा, हा नियम. त्यातून वाचवलेल्या पैशांतून त्यांनी ही बाटली घेतली आणि कितीतरी दिवस घरात कुणाला सांगितलंही नाही. साड्या सासूबाई निवडायच्या, पण सेंट मात्र स्वतःच्या पसंतीचं, हे सांगताना आजी आजही लाजतात.

तुमच्याही घरात अशी एखादी बाटली सापडली, तर काही गोष्टी लक्षात ठेवा. लेबल भिजू देऊ नका, कारण जुन्या बाटलीचं निम्मं मोल लेबलात असतं. अडकलेलं बूच जोर लावून उघडू नका. आत सेंट शिल्लक असेल तर ऊन लागू देऊ नका आणि सिल्कच्या साडीवर तर ते मुळीच लावू नका, डाग पडतील.

आणि हो, बाटली केवढ्याला विकली जाईल हे विचारण्याआधी, ती कुणी आणि कुणाच्या पैशांनी घेतली होती, एवढं घरात नक्की विचारा. खरी किंमत तिथेच कळेल!