जगातल्या नंबर एकला हरवलं, तरी ऑलिम्पिकला राखीवच! टेबल टेनिसमध्ये ‘क्वालिफाय’ होणं म्हणजे नेमकं काय?

फेब्रुवारी 2024. दक्षिण कोरियातलं बुसान शहर. टेबल टेनिसची जागतिक सांघिक स्पर्धा सुरू आहे आणि भारतीय महिलांची गाठ पडली आहे थेट चीनशी. पहिल्याच सामन्यात आहिका मुखर्जी जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या सुन यिंगशाला हरवते. मग श्रीजा अकुला वांग यिदीला हरवते. भारत 2-1 ने पुढे! शेवटी चीनने सामना 3-2 असा खेचून नेला, पण त्या दिवशी आहिकाचे व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरत होते.

पुढे काही महिन्यांनी पॅरिस ऑलिम्पिकचा संघ जाहीर झाला. महिला संघात नावं होती मनिका बत्रा, श्रीजा अकुला आणि अर्चना कामत. आहिका? राखीव.

लगेच सोशल मीडियावर प्रश्न सुरू झाले. नंबर एकला हरवणारी मुलगी बाहेर कशी? यात राजकारण आहे का? उत्तर तसं रुक्ष आहे. निवडीच्या वेळी जागतिक एकेरी क्रमवारीत अर्चना आहिकाच्या वर होती आणि फेडरेशनने क्रमवारी धरली. एका दिवसाचा पराक्रम क्रमवारीत फार थोडा मोजला जातो.

ही क्रमवारी चालते कशी?

टेबल टेनिसची जागतिक क्रमवारी दर आठवड्याला बदलते. खेळाडूने गेल्या 12 महिन्यांत खेळलेल्या स्पर्धांपैकी सर्वात चांगल्या 8 निकालांचे गुण धरले जातात, बाकीचे सोडून दिले जातात. वर्ष उलटलं की त्या निकालाचे गुण गळून पडतात. म्हणजे गेल्या वर्षी मार्चमध्ये एखादी स्पर्धा गाजवली असेल, तर यंदा मार्चमध्ये तेवढंच काहीतरी करून दाखवावं लागतं. नाहीतर एकही सामना न हरता माणूस खाली येतो.

कोणत्या स्पर्धेला किती गुण, हे ती स्पर्धा किती मोठी यावर ठरतं. 2021 पासून ‘वर्ल्ड टेबल टेनिस’, म्हणजे डब्ल्यूटीटी, या नावाने स्पर्धांची मालिका चालते. तिच्या पायऱ्या आहेत. सगळ्यात वर ‘ग्रँड स्मॅश’. टेनिसमध्ये ग्रँड स्लॅम असतं, तसंच काहीसं. एकेरी जिंकली तर 2000 गुण. त्याखाली ‘चॅम्पियन्स’, 1000 गुण. मग ‘स्टार कंटेंडर’ला 600, ‘कंटेंडर’ला 400 आणि सगळ्यात खाली ‘फीडर’, जिथे विजेत्यालाही याहून बरेच कमी गुण मिळतात. जगज्जेतेपद आणि ऑलिम्पिक सुवर्णाला ग्रँड स्मॅशइतकेच 2000.

आता गंमत बघा. ग्रँड स्मॅशच्या मुख्य फेरीत एकेरीला 64 खेळाडू असतात. चॅम्पियन्सला फक्त 32. तिथे जायचं तर क्रमवारी वरची हवी. क्रमवारी वर न्यायची तर मोठ्या स्पर्धेचे गुण हवेत. आणि मोठ्या स्पर्धेत जायला पुन्हा क्रमवारी हवी! अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, तसलाच हा प्रकार.

या चक्रात शिरायच्या वाटा मोजक्या आहेत. पहिली, फीडर आणि कंटेंडरसारख्या खालच्या स्पर्धा जगभर फिरून खेळत राहायचं. श्रीजाने हेच केलं. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्पस क्रिस्टीची फीडर स्पर्धा जिंकली, जूनमध्ये नायजेरियात लागोसची कंटेंडर जिंकली. कंटेंडर दर्जाची एकेरी जिंकणारी ती पहिली भारतीय. त्यानंतर तिची क्रमवारी थेट 24 वर गेली.

दुसरी वाट क्वालिफायिंगची. मुख्य फेरीआधी दोन-तीन दिवस पात्रता फेरीचे सामने होतात. तिथून वर येणाऱ्या मोजक्या खेळाडूंना मुख्य फेरीत जागा मिळते. हे सामने टीव्हीवर क्वचितच दिसतात, प्रेक्षकही तुरळक असतात. हरलात की त्याच दिवशी परतीचं तिकीट.

तिसरी वाट यजमानपदाची. ज्या देशात स्पर्धा होते, त्या देशाच्या खेळाडूंना काही जागा मिळतात. म्हणूनच 2023 मध्ये गोव्यात स्टार कंटेंडर स्पर्धा आली, तेव्हा ती भारतीय खेळाडूंसाठी मोठी गोष्ट होती. भारतात या दर्जाची डब्ल्यूटीटी स्पर्धा पहिल्यांदाच होत होती. 2024 च्या जानेवारीत ती पुन्हा गोव्यातच झाली. विमानाचा, व्हिसाचा खर्च न करता जगातल्या पहिल्या फळीतल्या खेळाडूंसमोर उभं राहायला मिळणं, ही संधी रोज येत नाही.

आणि एक. खेळाडूला स्वतःहून या स्पर्धांची प्रवेशिका भरता येत नाही. नाव जातं राष्ट्रीय संघटनेमार्फत. इथेच खरी भांडणं सुरू होतात.

दिया चितळे कोर्टात का गेली होती?

2022 ची गोष्ट. बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धा होणार होती. त्या वेळी भारतीय टेबल टेनिस फेडरेशनचा कारभार दिल्ली उच्च न्यायालयाने नेमलेली प्रशासकांची समिती बघत होती. निवडीचं सूत्र ठरलेलं होतं: देशातल्या स्पर्धांमधल्या कामगिरीला 50 टक्के, आंतरराष्ट्रीय कामगिरीला 30 टक्के आणि निवड समितीच्या मताला 20 टक्के वजन.

पहिल्या यादीत मुंबईच्या दिया चितळेचं नाव मुख्य संघात नव्हतं. अर्चना कामतचं होतं. त्यामागेही कारण होतं. मनिका आणि अर्चना यांची दुहेरीची जोडी तेव्हा जागतिक क्रमवारीत चांगली वर होती आणि तिच्याकडून पदकाची आशा होती. पण दियाचं म्हणणं साधं होतं: सूत्र लावलं तर जागा माझी. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली. जूनमध्ये सुधारित यादी आली. दिया आत, अर्चना बाहेर. नवी मुंबईची स्वस्तिका घोष राखीव.

प्रकरण तिथेही थांबलं नाही. स्वस्तिकानेही न्यायालयाचं दार ठोठावलं, बडोद्याच्या मानुष शाहनेही. दोघंही राखीवच राहिले. एका संघाच्या चार-पाच जागांसाठी इतके खेळाडू कोर्टात, हे तेव्हा अनेकांना विचित्र वाटलं होतं. पण विशीच्या आतबाहेरच्या खेळाडूसाठी चार वर्षांनी येणारी स्पर्धा हुकणं म्हणजे काय, हे बाहेरून कळणं कठीण आहे. शिवाय सूत्रातले ते 20 टक्के कोणाच्या बाजूने पडतील, हे आकडेमोड करून आधी सांगता येत नाही. वादाला जागा तिथेच होती.

त्या राष्ट्रकुलमध्ये भारताच्या पुरुष संघाने सुवर्ण जिंकलं. त्या संघात मुंबईचा सनील शेट्टी होता.

मग संघ ऑलिम्पिकला कसा गेला?

ऑलिम्पिकमध्ये सांघिक टेबल टेनिस 2008 पासून आहे. भारताचा संघ तिथे कधीच पोचला नव्हता. पॅरिसला पहिल्यांदा पोचला, तेही पुरुष आणि महिला दोन्ही.

जागा होत्या 16. काही जागा खंडीय स्पर्धांमधून भरल्या. बुसानच्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरी गाठणाऱ्यांनाही थेट प्रवेश होता. बुसानला पुरुषांचे 40 आणि महिलांचे 40 संघ होते, पाच-पाच संघांचे आठ गट. गटातला पहिला थेट शेवटच्या सोळांत, दुसरा आणि तिसरा आधी एक जास्तीची बाद फेरी खेळून. भारताचे दोन्ही संघ ती फेरी जिंकले आणि शेवटच्या सोळांत हरले. पुरुष दक्षिण कोरियाकडून, महिला चिनी तैपेईकडून. दोघांनाही थेट तिकीट एका विजयाने हुकलं.

पण उरलेल्या जागा सांघिक क्रमवारीवर भरायच्या होत्या. मार्चमध्ये क्रमवारी आली. महिला 13 व्या, पुरुष 15 वे. तेवढं पुरलं.

पात्र ठरणं आणि चांगला ड्रॉ मिळणं मात्र वेगवेगळ्या गोष्टी. क्रमवारीत तळाशी असलेल्या संघाला पहिल्याच फेरीत बलाढ्य संघ मिळतो. भारतीय पुरुषांसमोर पहिल्या फेरीत चीन आला आणि 0-3 ने खेळ संपला. महिलांसमोर चौथं मानांकन असलेला रोमानिया होता. तो सामना भारताने 3-2 ने जिंकला.

ऑलिम्पिकमधला सांघिक सामना कसा असतो, ते इथेच समजून घेऊ. जागतिक स्पर्धेत पाचही लढती एकेरीच्या असतात. ऑलिम्पिकमध्ये सुरुवात दुहेरीने होते, मग चार एकेरी. संघात तिघी. दुहेरी खेळणाऱ्या दोघींना प्रत्येकी एकच एकेरी मिळते, तिसरीला दोन. म्हणजे प्रत्येक जण दोनदाच खेळणार. एक स्टार खेळाडू घेऊन सामना जिंकता येत नाही, तिसरी खेळाडू कच्ची असेल तर संघ बुडतो. रोमानियाविरुद्ध श्रीजा आणि अर्चनाने दुहेरी जिंकली, मनिकाने आपल्या दोन्ही एकेरी जिंकल्या. हिशेब तीन. उपांत्यपूर्व फेरीत जर्मनीने 3-1 ने हरवलं. भारताचा तो एकमेव गुण कोणी मिळवला? अर्चनाने. आहिकाऐवजी तिला का घेतलं, असं विचारणारे बरेच जण त्या दिवशी गप्प होते. पण आहिका असती तर काय झालं असतं, हेही कोणाला सांगता येणार नाही. पॅरिसनंतर अर्चना पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेली.

वडगाव मावळच्या मुलीला काय करावं लागेल?

समजा, वडगाव मावळमध्ये दहा वर्षांची एक मुलगी आहे आणि तिच्या हाताला चेंडूची समज आहे. तिची वाट सुरू होते पुणे जिल्ह्याच्या स्पर्धांमधून. तिथून राज्य मानांकन स्पर्धा, मग महाराष्ट्राचा संघ, मग राष्ट्रीय मानांकन स्पर्धा. आंतरराष्ट्रीय पातळीवर लहान मुलांसाठी डब्ल्यूटीटीची वेगळी युवा मालिका आहे. 11, 13, 15, 17 आणि 19 वर्षांखालील असे गट असतात आणि त्यांची क्रमवारीही निराळी.

बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल महामार्गाने वडगावहून फार लांब नाही. 2008 च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेचं टेबल टेनिस पुण्यातच झालं. 2023 मध्ये ‘अल्टिमेट टेबल टेनिस’ लीगही बालेवाडीत रंगली. त्या लीगचा नियम ऐकून नवा प्रेक्षक गोंधळतो. एका लढतीत पाच सामने, प्रत्येक सामन्यात तीन गेम, आणि सामना कोणी जिंकला यापेक्षा एकूण गेम किती हे महत्त्वाचं. अंतिम लढत गोवा चॅलेंजर्सने चेन्नई लायन्सविरुद्ध 8-7 ने जिंकली, म्हणजे पंधराव्या गेमपर्यंत निकाल लागला नव्हता. पण लीगमधल्या विजयाचे जागतिक क्रमवारीत गुण मिळत नाहीत. परदेशी खेळाडूंशी खेळायचा सराव आणि मानधन, फायदा तिथपर्यंत.

पालकांनी एक हिशेब आधीच मांडलेला बरा. राज्य पातळीपर्यंत खर्च रबर, बूट, कोच आणि रेल्वेच्या तिकिटांचा. आंतरराष्ट्रीय क्रमवारीचा खेळ सुरू झाला की तो विमानाचा होतो, कारण 8 चांगले निकाल हवे असतील तर त्याहून बऱ्याच जास्त स्पर्धा खेळाव्या लागतात. प्रायोजक, सरकारी योजना किंवा नोकरी देणारी संस्था पाठीशी नसेल, तर गुणी मुलंही इथे अडकतात.

आणि दियाचं पुढे काय झालं?

जानेवारी 2025 मध्ये सुरतला तिने महिला एकेरीचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिश्र दुहेरीत ट्युनिसची कंटेंडर स्पर्धा जिंकली. जोडीदार कोण? मानुष शाह. 2022 मध्ये राखीव राहिलेला तोच.

वर्षभराच्या गुणांवर ही जोडी डिसेंबर 2025 मध्ये हाँगकाँगच्या डब्ल्यूटीटी फायनल्सला पात्र ठरली. तिथे मिश्र दुहेरीत जगातल्या फक्त आठ जोड्या असतात. चार-चारचे दोन गट, प्रत्येक गटातल्या पहिल्या दोन जोड्या उपांत्य फेरीत. या स्पर्धेला पोचलेले हे पहिले भारतीय. गटातून पुढे जाता आलं नाही.

पुढची मोठी स्पर्धा लॉस एंजेलिस ऑलिम्पिक, 2028. तिथे सांघिक प्रकाराचं रूप बदलतंय. पुरुष आणि महिलांचे वेगळे संघ नसतील, त्याजागी एकच मिश्र संघ असेल. पुरुष दुहेरी आणि महिला दुहेरीही परत येत आहेत. मिश्र दुहेरी कायम आहे.